छत्तीस पौंड हवा

आमच्या घरात चुका सगळेच करतात, पण रंगवून, सुकवून, वर वॉर्निश मारून ठेवलेली चूक एकच होती. माझ्या नणंदेच्या तीनचाकी मोटरसायकलच्या मागच्या दोन्ही मडगार्डांवर ती पिवळ्या रंगात झळकत होती: ३६. आकडा इतका देखणा की रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायची. सासऱ्यांच्या हातचं काम होतं ते. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांनी काढलेल्या अक्षराला चूक म्हणायची घरात कुणाची छाती नव्हती.

माझीही नव्हती, हे आधीच कबूल करते. एरवी मी तोंडाची फटकळ. भाजीवाल्यापासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांशी वाद घालते. पण बाबांपुढे मीही मान डोलावली, म्हणून ही गोष्ट सांगताना सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडणार नाही.

नणंदेला सगळे टीपताई म्हणतात. ती शिलाई मशीन दुरुस्त करते. मशीनची टीप सुटायला लागली, धागा तुटायला लागला की ताईला बोलावणं येतं. ती गेल्या गेल्या मशीन उघडत नाही. घरातल्या बाईला म्हणते, "दोन टिपा मारून दाखवा." आणि स्वतः डोळे मिटून ऐकते. मग सांगते, "बॉबिनची केस झिजलीय," किंवा "सुई उलटी बसवलीत." एकदा एका बाईला तिने नुसतं ऐकून सांगितलं होतं की मशीनला काही झालेलं नाही, तुम्ही चिडून पाय मारताय. ते खरं होतं, आणि त्या बाईने तिला चहा पाजून नवऱ्याच्या तासभर तक्रारी ऐकवल्या.

ताईचा डावा पाय लहानपणीच्या तापात बारीक राहिला. ती चालते, उभी राहते, पण त्या पायावर भार टाकता येत नाही. त्यामुळे दुचाकी थांबली की डावीकडे कलंडणार, हे ठरलेलं. पंचवीस वर्षं ती हत्यारांची पेटी खांद्याला अडकवून, बसच्या उंच पायऱ्यांशी भांडत घरोघरी गेली. कुणी सोडलं तर सोडलं, नाहीतर वाट बघत बसली. वाट बघण्याचा तिला फार राग. मला एकदा म्हणाली होती, "वहिनी, पाय दुखतो त्याचं काही नाही हो. पण निघायचं कधी ते दुसऱ्याने ठरवायचं, हे नाही सहन होत."

तशात शहराबाहेरच्या एका शिलाई कारखान्याने तिला विचारलं. साठ मशीनं, आणि सगळी सांभाळायला एकच माणूस. काम कायमचं, एक तारखेपासून. फक्त रोज सकाळी आठला आपलं आपण पोचायचं, कारण तिकडे बस जात नाही. ताईने हो म्हणून टाकलं, आणि घरी येऊन आम्हाला विचारलं की आता जायचं कसं.

बाबांनी उठून अंगणातल्या मोटरसायकलवरचं कापड काढलं. त्यांचे गुडघे गेल्यापासून ती तशीच उभी होती. ह्याच गाडीच्या टाकीवर ताईला पुढ्यात बसवून त्यांनी तिला दहा वर्षं शाळेत पोचवलं होतं. "ही तुझी," ते म्हणाले. वेल्डरने मागचं चाक काढलं, नवा आस बसवला आणि त्याला एका लहान मोटारीची दोन चाकं जोडली. बाबांनी चार दिवस खपून सगळी गाडी गर्द हिरवी रंगवली. ताई म्हणाली, "बाबा, पहिली चक्कर तुम्हाला मागे बसवून." त्यावर ते म्हणाले, "मी कुणाच्या मागे बसत नाही. आजवर बसलो नाही, आता काय बसायचंय." विषय तिथेच संपला.

मग प्रश्न आला हवेचा. वेल्डर म्हणाला, "मी लोखंडाचा माणूस, हवेचं मला विचारू नका." पंक्चरवाले काका डोकं खाजवून म्हणाले, "दोन चाकांची सांगतो, चार चाकांची सांगतो. तीनची नाही बुवा माहीत." पुढचं चाक पूर्वीचंच होतं, त्याची काळजी नव्हती. प्रश्न मागच्या दोघांचा होता. तेव्हा बाबांनी कपाटातून गाडीची जुनी पुस्तिका काढली. तिची पानं ऑइल सांडून एकमेकांना चिकटली होती. एका पानाचा खालचा अर्धा भाग तेवढा वाचता येत होता. तिथे छापलं होतं: मागील टायर. एक – २८. दोन – ३६.

बाबांनी चष्मा नाकावर चढवला. "हे बघा. मागे एक चाक असेल तर अठ्ठावीस. आपली आता दोन झाली. म्हणजे छत्तीस. स्पष्ट लिहिलंय."

आम्ही बघितलं. स्पष्टच लिहिलं होतं. कंपनीने किती पुढचा विचार करून ठेवलाय, असं मला वाटलं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. बाबा खूश झाले. त्यांनी त्याच दुपारी ब्रश धुतला, पट्टी लावून खडूने आधाराच्या रेघा मारल्या आणि दोन्ही मडगार्डांवर छत्तीस काढला, म्हणजे पुढे कुणाला विचारायला नको.

त्या दिवसापासून ताईचा आणि गाडीचा खरोखरच छत्तीसचा आकडा झाला.

गाडी चालायची नाही, उड्या मारायची. रस्त्यात साधा खडा आला तरी मागची बाजू उडायची आणि पेटीतल्या हत्यारांचा खणखणाट गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. सरळ रस्त्यावर ती आपली आपण डावीकडे सरकायची, सावरायला जावं तर उजवीकडे. वळणावर तर आतलं चाक उचललं जातंय की काय असं वाटायचं. ताई घरी आली की तिचे दोन्ही हात थरथरत असायचे. बाबा मात्र रोज सकाळी पंप आणि मीटर घेऊन चाकांपाशी हजर. हवा पौंडभर जरी उतरली असली तरी भरून छत्तीस करायचे, आणि मीटरचा काटा जागेवर आला की समाधानाने चहाला बसायचे. मीही एकदोनदा त्यांच्या नकळत चार दट्टे जास्त मारले, बरं का. टायर कडक असलेला बरा, असं आपलं मला वाटायचं.

पुढे गाडीची तपासणी होती. फेरफार केलेली गाडी रस्त्यावर आणायची तर तपासनीसासमोर चालवून दाखवावी लागते, आणि ती पास झाली तरच कागद मिळतो. मैदानावर पांढऱ्या दोन रेघांमधून सरळ जायचं होतं आणि मग उभ्या केलेल्या डब्यांमधून वळणं घ्यायची होती. ताईने रेघ दोनदा ओलांडली. दुसऱ्या वळणावर गाडी घसरली आणि तीन डबे आडवे झाले. तपासनीस वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बाई, गाडी तुमचं ऐकत नाहीये. तीन आठवड्यांनी या. पण ती शेवटची खेप. तेव्हा नाही जमलं तर जोडलेली चाकं काढावी लागतील." त्यानंतर चारच दिवसांनी एक तारीख होती.

घरी आल्यावर बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी चांगली आहे. चालवणारीला सवय नाही."

ताई जेवली, ताट धुतलं, आणि मागच्या खोलीत जाऊन एक मशीन उघडून बसली. मी मागोमाग गेले तर ती नुसतीच स्क्रू फिरवत होती. "बाबांचं बरोबर असेल, वहिनी," ती म्हणाली. "मीच तिरकी बसत असेन. पायामुळे अंग एका बाजूला जातं ना माझं. गाडीलाही कळत असेल." मला इतका संताप आला की काय सांगू. कुणाचा आला ते मात्र कळेना. गाडीचा, बाबांचा की त्या पायाचा. मी नुसती दार आपटून बाहेर आले.

जवळजवळ तीन आठवडे असेच गेले. ताई रोज पहाटे मैदानात जाऊन सराव करायची आणि रोज नवं खरचटून यायची. तपासणीच्या आदल्या दुपारी बाबा एका दुकानाच्या पाटीवर शेवटचा हात मारायला गेले होते. मी घरात शिवत बसले होते. सकाळी त्याच मशीनवर बाबांची जाड कॅनव्हासची पिशवी शिवली होती, आता झिरझिरीत पडदा घेतला होता. टीप घातली की कापड चुणायचं. उसवलं, पुन्हा घातलं, पुन्हा चुणलं. मी मशीनला शिव्या घालायला लागले तशी ताई आतून ओरडली, "वहिनी, कापड बदललंत आणि धाग्याचं टेन्शन तेच ठेवलंत ना?"

"माझं टेन्शन नेहमी तेच असतं," मी म्हटलं. "तुम्ही सैल करून द्या."

मान वर करून बघितलं तर ताई दारात उभी होती, हातात स्क्रूड्रायव्हर तसाच. "कॅनव्हासला लागतं तेवढं पडद्याला नाही लागत," ती हळूच म्हणाली. ती माझ्याशी बोलतच नव्हती. तशीच चपला न घालता अंगणात गेली.

मी मागे गेले. ती मागच्या चाकाशी वाकून अंगठ्याने टायर दाबत होती. दगड झाला होता नुसता. मग तिने बाबांच्या डब्यातला खडू आणला आणि दोन्ही टायरवर, जमिनीला टेकतो त्या भागावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा जाड पट्टा ओढला. गाडी काढली, कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून बघायला लागलो. खडू मधोमध पुसला होता, जेमतेम तीन बोटं. दोन्ही कडांना जसाच्या तसा.

"वहिनी," ताई म्हणाली, "गाडी टेकतच नाहीये हो. इतका रुंद टायर, आणि उभा तीन बोटांवर."

आता हवा सोडायची. पण ताईचा हात काही पुढे होईना. ती त्या पिवळ्या आकड्याकडे बघत होती. "बाबांनी लिहिलंय," ती म्हणाली.

"सरका," मी म्हटलं. "सुनेने सासऱ्यांची हवा काढली असं होऊ दे. लोकांना नवल वाटणार नाही." आणि मी टोपण काढून व्हॉल्व्हची पिन दाबली.

दुपारभर आमचं हेच चाललं होतं. तीस केले, खडू लावला, चक्कर मारली. सव्वीस. बावीस. दर खेपेला पुसलेला पट्टा रुंद होत गेला. अठराला कडांशी जेमतेम बोटभर खडू उरला. हावरटपणाने आम्ही एकदम बारावर गेलो, तर उलटंच झालं. कडा पुसल्या आणि मध्ये खडू राहिला, शिवाय वळवताना गाडी जड लागली. मग चौदा, मग पंधरा. सोळाला पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा पुसला गेला. त्या खेपेला ताई कोपऱ्यावरून परत येताना मला पेटीतल्या हत्यारांचा आवाजच आला नाही. ताईच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्न होऊन या घरात आल्यापासून पाहिलं नव्हतं. ती थांबली, आणि दोन्ही हात हँडलवरून काढून मला दाखवले. हात थरथरत नव्हते.

"पण पुस्तिकेत मग छत्तीस का?" मी विचारलं. ते मला काही केल्या पटेना. आम्ही पुस्तिका काढली आणि उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरली. चिकटलेलं पान हळूहळू सुटलं. त्याखाली, आकड्यांच्या बरोब्बर वर, मथळा होता: आसनावरील व्यक्ती.

एक माणूस असेल तर अठ्ठावीस. दोन माणसं असतील तर छत्तीस. तेही सगळं ओझं एका अरुंद चाकावर. आमच्या गाडीत तेच ओझं दोन रुंद चाकांनी वाटून घेतलं होतं, आणि आम्ही भरत होतो डबल सीटची हवा. आम्ही इतक्या हसलो की ताईला भिंतीला टेकून खाली बसावं लागलं. हसता हसताच तिने डोळे पुसले. "बाबांना कोण सांगणार?" ती म्हणाली.

मी सुचवलं, सांगायचंच नाही. सकाळी ते छत्तीस भरतील, आपण मैदानावर जाऊन सोडू. ताई मान हलवत म्हणाली, "उद्याचं होईल. पण मग रोज भरतील ते आणि रोज चोरून सोडायची का मी?" पुस्तिका चिमटा लावून दोरीवर वाळत टाकली आणि आम्ही स्वयंपाकाला लागलो. रात्री बाबांना सांगायचं राहूनच गेलं.

सकाळी सातला बाबा मीटर घेऊन बाहेर गेले, आणि दोन मिनिटांत त्यांचा आवाज आला. "हवा कोणी सोडली?"

"मी," मी म्हटलं.

"नाही, मी," ताई पुढे झाली. "सोळा ठेवलीय, बाबा."

"छत्तीस लिहिलंय ना तिथे?" बाबांचा चेहरा लाल झाला होता. "आज तपासणी, आणि आज तुझ्या डोक्यात हवा गेली?"

ताईने आयुष्यात त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. आताही दिलं नाही. तिने खडू त्यांच्या हातात ठेवला. "टायरवर आडवी रेघ ओढा, बाबा. तुमच्याइतकी सरळ मला नाही येत."

बाबांनी रागातच रेघ ओढली. रागातही ती सरळच आली. ताई चक्कर मारून आली. मी बाबांना हात दिला, ते कण्हत खाली बसले. रेघ कडेपासून कडेपर्यंत पुसली होती. "आता तुम्ही छत्तीस भरा," ताई म्हणाली. त्यांनी स्वतः पंप मारला, स्वतः काटा बघितला, स्वतः नवी रेघ ओढली. ताई खडखडत गेली, खडखडत आली. बाबांनी त्या तीन बोटांच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. दोन्ही कडांच्या खडूला हात लावून बघितला. जन्मभर रेघा बघण्यात गेलेला माणूस तो, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. मग त्यांनी पिन दाबली आणि मीटर लावून लावून सोळावर आणली, आधी एक चाक, मग दुसरं.

"दहाला पोचायचंय ना?" ते उठत म्हणाले. "निघा."

मी बसने गेले. मागे बसले असते तर सगळा हिशेब बिघडला असता, माझं वजन काही त्या सोळात धरलेलं नव्हतं. मी मैदानावर पोचले तेव्हा ताई रेघांमध्ये शिरत होती. माझी हवा टाइट झाली होती, तिची नव्हती. ती सरळ गेली, डब्यांना वळसे घालत बाहेर आली, आणि तपासनीसासमोर अशी थांबली की पेटीतला पाना हलला नाही. तो गाडीभोवती दोनदा फिरला. "गाडी बदललीत?"

"नाही साहेब," ताई म्हणाली. "तिला हवापालट मानवला."

कागद तिने ब्लाउजमध्ये ठेवला आणि वाटेत दोनदा थांबून काढून वाचला, हे तिने मला नंतर सांगितलं.

दुपारी घरी आलो तर बाबा अंगणात स्टुलावर बसले होते. शेजारी रंगाचे डबे होते आणि मांडीवर ती पुस्तिका. दोरीवरून काढून त्यांनी वाचली होती. ताईने कागद पुढे केला. तो त्यांनी वाचला, घडी घातली, परत दिला.

"माणसं होती ती," बाबा म्हणाले. "चाकं नव्हती. एक माणूस, दोन माणसं." त्यांनी पुस्तिका मिटली. "तीन आठवडे तुला बोल लावला. पडून डोकं फुटलं असतं तुझं, आणि वर मी तुलाच म्हटलं असतं."

ताईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. रडत ती होती आणि तोंडाने म्हणत होती, "आकडा मात्र सुरेख होता हो, बाबा." मला हसू आवरेना आणि डोळेही. बाबांनी नाक पुसलं आणि स्टूल गाडीकडे ओढलं. पात्याने दोन्ही मडगार्डांवरचा तिनाचा आकडा खरवडून काढला, तिथे हिरवा हात मारला, आणि तो सुकल्यावर एक काढला. सहा तसाच राहिला. "सोळा," ते म्हणाले. "सोळा आणे."

मग त्यांनी डाव्या बाजूला बारीक अक्षरात "एकटी" असं लिहिलं. त्याच्या खाली, ओळीला ओळ लावून, "दोघं". पुढे एक छोटी आडवी रेघ ओढली आणि ब्रश उचलला. पुढची जागा कोरी ठेवली.

ताई वाट बघत होती. "दोघांचा आकडा, बाबा?"

"मला काय माहीत?" बाबा भिंतीला धरून उठले आणि गाडीकडे गेले. एका हाताने आसन चाचपलं, मग दुखरा गुडघा कसाबसा वर उचलून पलीकडे टाकला, आणि मागे सरकून बसले. "खडू घे. काढू या."